गवंड्यांना शेअर मिळाले होते

टोरंटोत कार्लटन आणि चर्च या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक मोठं किराणा दुकान आहे. त्याच्या एका रांगेत, शेल्फांच्या मधोमध, फरशीवर लाल ठिपका आहे. सांगलीहून आलेल्या माझ्या थोरल्या मामांना मी मुद्दाम त्या ठिपक्यावर नेऊन उभं केलं. त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि तिची किंमत ते मनातल्या मनात रुपयांत करत होते.

"मामा, तुम्ही आत्ता बर्फाच्या बरोबर मध्यावर उभे आहात," मी म्हटलं. "ही मेपल लीफ गार्डन्सची इमारत. १९३१ पासून १९९९ पर्यंत इथला पुरुषांचा आइस हॉकीचा संघ इथंच खेळायचा. आता खाली हे दुकान आणि वर विद्यापीठाची रिंक. बायकांच्या व्यावसायिक हॉकी लीगचा, पीडब्ल्यूएचएलचा, पहिलावहिला सामना १ जानेवारी २०२४ ला त्या वरच्या बर्फावर झाला. न्यूयॉर्कनं टोरंटोला ४-० नं हरवलं. पण हॉल खचाखच भरला होता."

"खुर्च्या किती?"

"अडीच हजारांच्या आसपास."

"म्हणजे हॉल भरला, गल्ला नाही भरला."

मामांनी चौतीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. हळदीचे व्यापारी, तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, बेदाण्याची शीतगृहं, सगळ्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून गेले. समोर काहीही ठेवा, ते आधी परतफेड कुठून होणार हे विचारतात. माझी गोष्ट वेगळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझी अकरा वर्षांची लेक आठवड्यातून तीनदा पहाटे साडेपाचला रिंकवर असते. मोठेपणी काय होणार म्हटलं की ती गोलरक्षक म्हणते. त्यामुळे बायकांची हॉकी पोट भरू शकते का, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. मामांना सामन्याचं तिकीट काढलं त्या दिवसापासून आमचा वाद चालू होता. त्या दुकानात तो टिपेला पोचला.

"हा प्रस्ताव माझ्याकडं आला असता, तर मी पहिल्यांदा मागची खाती बघितली असती," मामा म्हणाले. "तूच सांगितलंस, आधी दोन लीग होत्या. त्यांचं काय झालं?"

"एक कॅनडातली, सीडब्ल्यूएचएल. २००७ ला सुरू झाली, २०१९ ला बंद पडली. दुसरी अमेरिकेतली, एनडब्ल्यूएचएल, २०१५ ची. पुढं तिनं नाव बदललं. २०२३ च्या उन्हाळ्यात नव्या मालकांनी ती विकत घेतली आणि बंद केली, म्हणजे एकच लीग उभी राहावी."

"एक बारा वर्षं चालली, एक आठ. दोन्ही गेल्या. बाजारानं दोनदा नाही म्हटलेलं आहे पोरी. तिसऱ्यांदा विचारायचं कारण काय?"

याचं उत्तर मला आकड्यांत देता आलं नाही. मला माझ्या दवाखान्यात येणारी एक बचावपटू आठवली. टोरंटो भागातल्या संघात होती. तिची वेळ संध्याकाळी साडेसहाची, कारण दुपारी शाळा सुटायची, मग वह्या तपासायच्या, मग माझ्याकडे गुडघा, आणि रात्री साडेनऊला सराव. एकदा पट्टी काढण्यासाठी तिनं किटबॅग उघडली तर गुडघ्याच्या पॅडखाली चौथीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या होत्या. घामाचा वास लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारलेल्या. रविवारी सामना खेळून ती सोमवारी पहिल्या तासाला वर्गात उभी असायची. कॅनडातल्या त्या लीगनं पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगार म्हणून एक पैसा दिला नाही. २०१७-१८ पासून मानधन सुरू झालं, हंगामाला २,००० ते १०,००० कॅनेडियन डॉलर.

२४ मार्च २०१९ ला याच शहरात, कोका-कोला कोलिझियममध्ये, त्या लीगचा अंतिम सामना झाला. कॅल्गरीनं मॉन्ट्रियलला हरवून क्लार्कसन कप उचलला. मी तिथं होते. टाळ्या वाजवून हात लाल झाले होते. सातव्या दिवशी, ३१ मार्चला, लीग बंद होत असल्याचं जाहीर झालं. खेळ उत्तम आहे, पण धंद्याचं गणित टिकणारं नाही, असं संचालकांनी सांगितलं.

"बघ. संचालकच म्हणाले."

"मामा, तुम्ही कर्ज देताना प्रवर्तकाचा हिस्सा मागत होता ना?"

"म्हणजे काय! पंचवीस टक्के तरी पाहिजेत. स्वतःच्या खिशातलं घातल्याशिवाय बँक हात लावत नाही."

"मग या पोरींचा हिस्सा मोजा की. बारा वर्षं, प्रत्येक संघात वीसेक जणी. न घेतलेला पगार, बुडवलेल्या नोकऱ्या, रजा टाकून केलेले प्रवास. ती लीग देणगीदारांच्या पैशावर चालली असं लोक म्हणतात. तिचा सगळ्यात मोठा देणगीदार तिची खेळाडू होती. तुम्ही म्हणता बाजारानं नाही म्हटलं. बाजारापुढं माल नीट मांडला कधी? आडवेळी, आडबाजूच्या रिंकवर, टीव्हीवर वर्षाकाठी मोजके सामने. दुकान गल्लीच्या टोकाला, पाटी नाही, शटर अर्धं खाली, आणि गिऱ्हाईक आलं नाही म्हणून मालाला दोष द्यायचा."

मामा ऐकत होते. मी थांबले नाही. अमेरिकन लीगनं २०१५ ला पगार सुरू केला, किमान १०,००० डॉलर, आणि दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पगारकपात केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाला ऑलिंपिकच्या आधीचे सहा महिने तेवढे महिना १,००० डॉलर मिळत. मार्च २०१७ मध्ये त्या पोरी म्हणाल्या, जागतिक स्पर्धेत आम्ही उतरणारच नाही. स्पर्धा मिशिगनमध्ये, म्हणजे त्यांच्याच देशात, आणि ती तीन दिवसांवर आली तेव्हा करार झाला. मग कॅनडातली लीग बंद पडली आणि मे २०१९ मध्ये दोनशेच्या आसपास खेळाडूंनी जाहीर केलं की नीट पगार, विमा आणि व्यवस्था देणारी लीग येईपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही.

"संप केला म्हणजे."

"संपच. चार वर्षं. खेळाडूचं आयुष्य केवढं असतं मामा? त्यातली चार."

मामांनी खिशातून आदल्या दिवशीचं औषधाच्या दुकानाचं बिल काढलं, उलटं केलं, कोथिंबीर माझ्या हातात दिली आणि शेल्फच्या कडेवर कागद टेकवला. "आता आजचं सांग. भावना बाजूला."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. संघात २३ जणी. पहिल्या हंगामात संघाचा सरासरी पगार ५५,००० अमेरिकन डॉलर, किमान ३५,०००, प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८०,००० किंवा जास्त. दरवर्षी तीन टक्के वाढ. मामांनी गुणाकार केला: दुसऱ्या हंगामात एका संघाचे पगार १३ लाख डॉलर, सहा संघांचे ७८ लाख. मग प्रेक्षक. पहिल्या हंगामातल्या साखळी सामन्यांना मिळून ३,९२,२५९, सरासरी ५,४४८. दुसऱ्या हंगामात प्लेऑफ धरून ७,३७,४५५, सरासरी ७,२३०. २० एप्रिल २०२४ ला मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये टोरंटोविरुद्धच्या सामन्याला २१,१०५ लोक आले. बायकांच्या हॉकीत जगात कुठेही एवढी गर्दी तोवर झाली नव्हती.

"तिकिटामागं तीस डॉलर हातात पडतात असं धरू," मामा म्हणाले. "माझा अंदाज, तुझा नव्हे. जवळजवळ सव्वादोन कोटी होतात. पगार सुटला."

मला एवढा आनंद झाला की शेजारून ढकलगाडी घेऊन जाणाऱ्या बाई दचकल्या.

"घाई करू नको. विमानाचं भाडं, हॉटेलं, प्रशिक्षक, तुझ्यासारखे फिजिओ, विमा, पंच, कचेरी, सामना टीव्हीवर दाखवायचा खर्च. आणि हॉलचं भाडं. ते सांग. हॉल कुणाचे?"

"बहुतेक दुसऱ्यांचे. कुठं पुरुषांच्या संघाचं घर, कुठं नगरपालिकेचं."

इथं मामांचा आवाज बदलला. कर्ज विभागातला माणूस बोलायला लागला. "आता माझं ऐक. तासगावचा बेदाणा. माल शेतकऱ्याचा, राबणूक त्याची, पाऊस पडला तर नुकसान त्याचं. पण बेदाणा ठेवायचा कुठं? शीतगृहात. भाव चढो की पडो, शीतगृहाचं भाडं महिन्याच्या महिन्याला चालू. थंडी फार महाग असते पोरी, विजेचं बिल मी बघितलंय. तुझी हॉकी म्हणजे बेदाणा आहे. बर्फ ज्याच्या मालकीचा, तो जगणार. पार्किंग त्याचं, खाण्याचे स्टॉल त्याचे, शनिवार रात्रीची तारीख कुणाला द्यायची हे तो ठरवणार. खेळणारीला उरलेली तारीख मिळणार."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे. ओटावाचंच उदाहरण मी त्यांना दिलं, माझ्याच विरुद्ध जाणारं. २ जानेवारी २०२४ ला तिथल्या पहिल्या सामन्याला ८,३१८ लोक आले. त्या शहरात संघाचा जम बसला. आणि आता नगरपालिका लॅन्सडाउनचा परिसर नव्यानं बांधायला निघाली आहे, त्यात हॉकीचा हॉल आत्ताच्यापेक्षा लहान होणार आहे. संघ नाराज आहे. भरलेल्या दुकानाला मालकानं लहान गाळा द्यावा तसं. लीगच्या भवितव्याची चर्चा करताना सगळे टीव्हीवर बोलतात, प्रायोजकांवर बोलतात. खुर्च्यांची संख्या आणि शनिवारची तारीख यांवर फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते खरी गाठ तिथं आहे. टोरंटोनं दुसऱ्या हंगामापासून मुक्काम इथून हलवून कोका-कोला कोलिझियमला नेला, आठ हजारांच्या जागेत. त्याच हॉलमध्ये, जिथं २०१९ ला जुन्या लीगनं शेवटचा कप दिला होता. तो निर्णय मला कुठल्याही जाहिरात करारापेक्षा मोठा वाटतो.

"आणि पुरुषांची लीग काय पहिल्या दिवसापासून नफ्यात होती?" मी विचारलं. एनएचएल १९१७ ला सुरू झाली. पहिल्याच हंगामात, जानेवारी १९१८ मध्ये, मॉन्ट्रियल वाँडरर्सची रिंक जळाली आणि संघच संपला. १९२५ ला हॅमिल्टनच्या खेळाडूंनी दोनशे डॉलरसाठी संप केला, तो संघ गेला. फिलाडेल्फिया गेलं, ओटावा सेंट लुइसला जाऊन बुडालं, मॉन्ट्रियल मरून्स गेले, १९४२ ला न्यूयॉर्क अमेरिकन्स गेले. त्यानंतर पंचवीस वर्षं सहाच संघ होते. "पंचवीस वर्षं सहा संघ मामा. कुणी म्हणालं का, की पुरुषांना हॉकी जमत नाही? २०२५-२६ च्या हंगामात तिथला किमान पगार ७,७५,००० डॉलर होता. आणि इकडं तीन वर्षांत सहाचे आठ संघ झाले."

"ते बुडाले ते आपापल्या मालकाच्या पैशानं बुडाले. आणि राहिले ते हॉलवाले राहिले." मामा मुद्दा सोडत नव्हते. "आपल्याकडं बघ. क्रिकेटवाली स्मृती मानधना आमच्या सांगलीची. २०२३ ला बायकांची प्रीमियर लीग आली, एक चेंडू पडायच्या आधी पाच संघ ४,६६९.९९ कोटींना गेले, प्रसारणाचे ९५१ कोटी वेगळे. धंदा असा असतो. गिऱ्हाईक आधी, दुकान नंतर."

"ते गिऱ्हाईक आयपीएलनं पंधरा वर्षं तयार केलं होतं, आणि मागं क्रिकेट मंडळ होतं. इथं एनएचएलनं लीग चालवायला घेतली नाही. अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉलचं घ्या. १९९७ पासून चालू, मागं पुरुषांची लीग, तरी पहिली चारही विजेतेपदं जिंकणारा ह्यूस्टनचा संघ २००८ ला बंद पडला. आणि त्याच लीगला आता २०२६ पासून अकरा वर्षांसाठी २२० कोटी डॉलरचे प्रसारण हक्क मिळालेत. तीस वर्षं लागली."

"तीस वर्षं बापानं पोसलं. इथं बाप कोण?"

बाप आहे. मार्क वॉल्टर, लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे प्रमुख मालक. लीगमधले सगळे संघ त्यांच्याच गटाचे आहेत. विजेत्या संघाला मिळतो तो वॉल्टर कप. बिली जीन किंगही या उभारणीत आहेत, ज्यांनी १९७० मध्ये आणखी आठ जणींबरोबर एक डॉलरच्या करारावर सही करून बायकांच्या टेनिसचा वेगळा संसार मांडला होता.

"एकत्र कुटुंब म्हणायचं," मामा म्हणाले, आणि हे त्यांना आवडलेलं दिसलं. "एक भाऊ कमवत नसला तरी ताटावर बसतो. न्यूयॉर्कला लोक येत नव्हते म्हणालीस, मॉन्ट्रियलनं त्याला सांभाळलं. चुलीवर चूल पेटवून भाव वाढवायचे नाहीत. हे डोकं चांगलं आहे. नव्या गावात जायच्या आधी तिथं सामना खेळून बघितला तेही चांगलं."

"व्हँकूवरला नुसत्या फिरत्या सामन्याला १९,०३८ लोक आले. मग तिथं संघ दिला. सिएटललाही तसंच."

"नमुना दाखवून माल विकला. मान्य. पण जामीनदार एकच. उद्या त्याचं मन बदललं, वारसांचं बदललं, तर? आणि ताळेबंद कुठाय? खासगी कंपनी, आकडे बाहेर येत नाहीत. गर्दी सांगतात, तोटा सांगत नाहीत. मी अशा खात्याला सही केली नसती."

"खेळाडूंशी आठ वर्षांचा सामुदायिक करार आहे, २०३१ पर्यंत. पहिला सामना व्हायच्या आधी झाला. पगार, घरभाडं, विमा, सगळं लिहून."

"पगाराचा करार म्हणजे चाकरीचा करार. मी मालकीचं विचारतोय."

तेव्हा मला त्या इमारतीची गोष्ट आठवली. मी ती सांगितली ती वेगळ्याच हेतूनं. वाईट काळातसुद्धा लोक खेळावर पैसा लावतात, एवढंच मला दाखवायचं होतं. १९३१, मंदीचं वर्ष. कॉन स्माइथला हा हॉल बांधायचा होता आणि पैसे कमी पडत होते. त्याचा सहायक फ्रँक सेल्की स्वतः इलेक्ट्रिशियनांच्या संघटनेतला. तो कामगार संघटनांकडे गेला आणि म्हणाला, मजुरीतला पाचवा भाग रोख घेऊ नका, शेअर घ्या. गवंडी, सुतार, तारकाम करणारे, सगळे कबूल झाले. इमारत सहा महिन्यांच्या आत उभी राहिली. १२ नोव्हेंबर १९३१ ला इथं, या ठिपक्यावर, पहिला सामना सुरू झाला.

मामांनी चष्मा काढला. "शेअर मिळाले?"

"मिळाले."

"कागदावर? नावावर?"

"हो."

"मग झालं की." ते त्या ठिपक्याकडे बघत बोलत होते. "मगाशी तू म्हणालीस पोरींचा हिस्सा मोजा. मी मोजतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. दहा वर्षं बिनपगारी, चार वर्षं संप, हे प्रवर्तकाचं भांडवल आहे. माझ्या टेबलावर मी ते धरलं असतं. पण भांडवल घालणाऱ्याचं नाव भागधारकांच्या यादीत असतं. इथं ते कुठाय? गवंड्यानं मजुरी सोडली, त्याला हॉलचा तुकडा मिळाला. तुझ्या पोरींनी अख्खी मजुरी सोडली, त्यांना नोकरी मिळाली. आणि ती पण सगळ्यांना नाही."

मी गेली कितीतरी वर्षं या लीगची बाजू घेऊन भांडते आहे, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मी मागे हटले नाही. मी म्हटलं, मालकी मागायला आधी मालमत्ता उभी राहावी लागते. ३५,००० डॉलरवर टोरंटोत राहणं सोपं नाही हे मला माहीत आहे, पण त्या पगारावर खेळणाऱ्या मुलीच्या किटबॅगेत आता वह्या नसतात. सराव सकाळी होतो. गुडघा सुजला तर तिची फिजिओ संघाची असते. २०३१ ला नवा करार होईल तेव्हा हातात प्रेक्षकांचे आकडे असतील, आणि संप कसा करायचा हे या बायकांना शिकवावं लागणार नाही. तेव्हा हिस्सा मागता येईल.

"आत्ता मागायला पाहिजे होता," मामा म्हणाले. "धंदा लहान असतो तेव्हा हिस्सा स्वस्त असतो. आठ संघ झाले. बारा झाल्यावर कोण देतंय?"

"आत्ता मागितला असता तर लीगच झाली नसती."

"झाली असती. वॉल्टरला या पोरींशिवाय दुसऱ्या पोरी कुठून मिळणार होत्या?"

आम्ही गल्ल्याच्या रांगेत उभे राहिलो. पुढं तिघं होते. मामांच्या हातात ते बिल अजून होतं, पाठीमागं दोन रकाने, जमा आणि खर्च, आणि खर्चाच्या रकान्यात हॉलच्या भाड्यापुढं मोकळी जागा.

"तुझी ती मास्तरीण," त्यांनी एकदम विचारलं. "वह्यावाली. ती आहे का आता लीगमध्ये?"

"नाही. २०१९ लाच तिनं खेळणं सोडलं. गुडघा नव्हता राहिला. शिकवते अजून. सामन्यांना येते, वर्गातल्या दोघीतिघी मुलींना घेऊन."

"फुकट पास?"

"तिकीट काढून येते."

"कितीचं?"

"मागच्या वेळी चाळीस डॉलरचं होतं."

मामांनी कोथिंबिरीच्या जुडीवर कागद टेकवला आणि पेनचं टोपण काढलं. "हे कशात धरायचं? उत्पन्नात का भांडवलात?"

"भांडवलात," मी म्हटलं.

"पावती कुठाय तिच्याकडं भांडवलाची?" असं म्हणून त्यांनी चाळीसचा आकडा उत्पन्नात लिहिला.